कॉन्चेत्ताचा टब

३ फेब्रुवारी, सोमवार

टब देणार नाही. नाही म्हणजे नाही!

उकाडा मरणाचा – इथे फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा – म्हणून स्टुडिओचं शटर अर्धं वर केलं होतं. खालून आधी दोन काळे बूट दिसले, मग काठी, मग वाकून आत शिरलेलं पांढरं डोकं. साव्हेरियो. मागच्या गल्लीतला – द्राक्षाच्या मांडवाचं घर आहे तो. आजवर आमची ओळख मान हलवण्यापुरती. आला तो सरळ चित्रासाठी टेबलावर रचलेल्या माझ्या मांडणीसमोर उभा राहिला आणि काठीने गुलाबी टब दाखवून म्हणाला, ‘‘हा माझ्या बायकोचा आहे.’’

मी म्हटलं, होता. जानेवारीत पालिकेचा जड कचऱ्याचा आठवडा झाला – घरातलं नको ते दाराबाहेर ठेवायचं, त्यांची गाडी नेते – तेव्हा हा टब त्यांच्याच दारातल्या गवताच्या पट्टीवर पडला होता, मोडका पंखा आणि फाटकी गादी यांच्या शेजारी. त्या आठवड्यात आमचं अख्खं प्रेस्टन उपनगर एकमेकांचा कचरा उचलून घरी नेतं. माझी निम्मी चित्रं त्या पट्टीवरून आली आहेत.

त्याचं म्हणणं – बायको, कॉन्चेत्ता, नोव्हेंबरात गेली. मुलीने घर आवरलं आणि न विचारता टब बाहेर ठेवला. लग्न होऊन या देशात आल्यापासून दर उन्हाळ्यात ती घरच्या वर्षभराच्या सॉसचे टोमॅटो या टबात धुवायची. आता टोमॅटो पिकायला लागलेत.

चित्र झालं की न्या, म्हटलं. कधी होणार? मार्चमध्ये. टोमॅटो मार्चपर्यंत थांबत नाहीत, म्हणाला. बाजारातून दुसरा आणा, मी म्हटलं. त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला दुसरी बायको आणायला सांगितलं.

जाताना शटरवर काठी हाणून गेला. हाण. मी मोर्चांत पोलिसांच्या घोड्यांसमोर उभी राहून भाषणं केली आहेत. काठीला भिते होय!

४ फेब्रुवारी

झोपेतही भांडत होते त्याच्याशी. त्याला जे सांगायला हवं होतं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे डोकं रिकामं होईल.

टब गुलाबी नाही. दुकानात होता तेव्हा असेल. आता त्याचा काठ उन्हाने पिठूळ झालाय, वाळलेल्या गुलाबाच्या पाकळीच्या कडेसारखा. पोट अजून जुना रंग धरून आहे. आणि तळाशी – तळाशी टोमॅटोचा डाग आहे, विटकरी, कडेला नारिंगी होत गेलेला, वर्षानुवर्षं मुरलेला. असा रंग कुठल्याही नळीत मिळत नाही. मी तीन आठवडे घोटतेय.

त्या डागाने बाकी सगळ्यांना कामाला लावलंय. निळी ताडपत्री त्याच्यामुळे निळी आहे. भांडी घासायच्या साबणाची पिवळी बाटली त्याच्याकडून ऊब घेते. बाटलीची सावली जांभळी पडते ती त्याच्या जोरावर. टब काढा – ताडपत्री लगेच मेली, बाटली रुग्णालयातली झाली. रंग एकटा नसतो. शेजाऱ्यामुळे तो असतो. वस्तू हलली की बाकीच्या सगळ्या खोटं बोलायला लागतात.

आणि याला लोक स्थिरचित्र म्हणतात. स्थिर काय डोंबल! रणांगण आहे ते. मी कॅनव्हासला आधी भडक नारिंगी अस्तर देते, आणि प्रत्येक रंगाला त्या नारिंगीशी झुंजून आपली जागा घ्यावी लागते. काळा वापरत नाही. काळा म्हणजे पळपुटेपणा. चारशे वर्षांपूर्वीच्या डच व्यापाऱ्यांनी आपल्या टेबलावरचा झिंगा आणि चांदीचा पेला रंगवून घेतला, लोकांना दाखवायला की बघा, आमच्याकडे आहे. मी दाखवते ते लोकांनी फेकलेलं. त्यांच्याकडे होतं, त्यांनी वापरलं, झिजवलं. झीज हाच माझा विषय आहे.

असं त्याला म्हणायला हवं होतं. म्हणाले काय, तर दुसरा आणा.

५ फेब्रुवारी

पिअर्स आला. गॅलरीवाला – तागाचा शर्ट, पायात मोजे नाहीत. टबाचं चित्र प्रदर्शनात समोरच्या भिंतीवर एकटं लावायचं ठरलंय. तेरा मार्चला उद्घाटन. ते चित्र नाही तर प्रदर्शन नाही, असं स्वच्छ म्हणाला. ठीक.

पण मग म्हणाला, ‘‘ब्रॉन्विन, तुझी चित्रं बघितली की कसं प्रसन्न वाटतं.’’

प्रसन्न! मी त्याला दार दाखवलं. भडक रंग दिसला की यांना वाढदिवस आठवतो. रंग म्हणजे आनंद असं यांना कोणी शिकवलं? जखमही रंगीतच असते.

७ फेब्रुवारी

म्हातारा बाहेर खुर्ची टाकून बसलाय. स्वतःची खुर्ची. घरून आणलेली.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजही बसला. टोपी, रुमाल, मांडीवर अंजिरांची पिशवी. मी टबाचा काठ रंगवत होते आणि मानेवर त्याची नजर. शेवटी ओरडले, काय हवंय? तर म्हणाला, काही नाही, बायकोच्या भांड्याजवळ बसलोय, त्याला तुझी परवानगी लागते का.

दुपारी त्याची मुलगी आली. लोरेदाना. शाळेत शिकवते, चष्मा डोक्यावर, गाडीची किल्ली हातात. ती बापाला न्यायला आली होती, पण आधी माझ्यावर आली. तिच्या मते मी मयताच्या घरातून वस्तू उचलली. मी म्हटलं, रस्त्यावरून. ती म्हणाली, फरक काय? मी म्हटलं, फरक तुम्ही केलात, बाहेर ठेवलात तेव्हा. ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मी जेवण आणते, ते भिंतीशी बोलतात.’’

मला काय त्याचं? मी तिच्या घरचा न्यायनिवाडा करायला बसले नाही. तसं बघायला गेलं तर पट्टीवर ठेवलेली वस्तू कायद्याने पालिकेची. म्हणजे टब ना त्यांचा ना माझा! पालिकेचा! आणि त्या नियमाविरुद्ध टाउन हॉलमध्ये टेबल बडवून बोलले ती मीच.

बाप गाडीत बसला तो मागच्या सीटवर. मुलीच्या शेजारी नाही.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळचा वर्ग. एकाने फोनवर काढलेल्या फोटोवरून लिंबं रंगवून आणली. मी विचारलं, लिंबं कुठायत? म्हणाला, खाल्ली. मग तू काय बघून रंगवलंस? फोटो.

अर्धा तास बोलले. समोर नाही ते रंगवणं म्हणजे खोटी साक्ष. आठवण चोर असते, ती नको ते पुसते आणि हवं ते भरते. कोर्टात ऐकीव पुरावा चालत नाही, कॅनव्हासवर का चालावा? सगळे माना खाली घालून बसले. बोलणं चांगलं झालं. लिंबंवाला बहुतेक पुन्हा येणार नाही. न येवो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हरले. माझ्याच शब्दांनी हरले, म्हणून अंगाचा तिळपापड झालाय.

म्हातारा आला. बावीस तारखेला सॉस आहे, टोमॅटोच्या पेट्या गॅरेजमध्ये येऊन पडल्यात. मी त्याला पुन्हा सगळं सांगितलं. चौथ्यांदा. मांडणी हलवता येत नाही, प्रत्येक वस्तूभोवती टेबलावर खडूची रेघ आहे ती उगाच नाही, एक वस्तू काढली की बाकी सगळ्यांचा रंग खोटा होतो. हातवारे करून, आवाज चढवून. सभेत बोलते तसं.

तो ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, ‘‘बाई, हे तू मला सांगतेस? माझ्या घरी येऊन बघ. एक गेली. बाकी सगळं जिथल्या तिथे आहे. एकाचाही रंग खरा नाही.’’

तीस वर्षं व्यासपीठावर उभी राहतेय. मालकांची, मंत्र्यांची तोंडं बंद केली. कालपर्यंत इटालियन भाजीवाल्याशिवाय कोणाशी न बोललेल्या माणसाने मला गप्प केलं.

तह झाला तो असा. शुक्रवारी संध्याकाळी त्याने टब न्यायचा. शनिवारी सॉस. रविवारी परत आणायचा, आणि चित्र होईपर्यंत मग तोंड दाखवायचं नाही. ‘‘जसा आहे तसा परत,’’ मी दोनदा म्हटलं. त्याने छातीवर हात ठेवला. घेतलेलं भांडं आमच्याकडे कसं परत करतात ते मला ठाऊक आहे, म्हणाला. जरा अपमान झाल्यासारखा.

तोवर काठ आणि पोट पुरं करायचं. तळ रविवारनंतर.

१८ फेब्रुवारी

काठ झाला. पोट नाही. पंखा लावला की ताडपत्री हलते, बंद केला की मी वितळते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

टब नेला. पोट दुपारी कसंबसं पुरं केलं.

नेण्याआधी आज पहिल्यांदा तो चित्रापुढे उभा राहिला. इतके दिवस टबाकडेच बघत होता, कॅनव्हासकडे पाठ. तळाचा डाग मी नुसता आखून ठेवलाय, एक विटकरी फराटा, पण मोठा कॅनव्हास आहे, लांबूनही दिसतो. त्याने त्याकडे बघितलं, मग खऱ्या टबात बघितलं, मग परत चित्रात.

विचारलं, ‘‘हे बघायला लोक येणार?’’

येणार, म्हटलं.

‘‘चांगल्या कपड्यातले? हातात वाईन?’’

तसलेच, म्हटलं. आणखी कोण येणार!

टब डोक्यावर पालथा घातला – ऊन होतं – आणि गेला. आवडलं असावं.

२२ फेब्रुवारी

गल्लीभर टोमॅटोचा आणि सॉसमध्ये घालतात त्या तुळशीसारख्या पाल्याचा वास. कुणाच्या तरी घरी मशीन घरघरतंय, माणसं एकमेकांवर ओरडतायत. मला कोणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी गेले नसते.

मांडणीत मधोमध खडूचा गोल. काम शून्य.

२३ फेब्रुवारी, रविवार

टब परत आला.

चर्चहून परस्पर आला. सूट घातलेला. मागे लोरेदाना, हातात टब, टबात सॉसच्या बाटल्या – रिकामं भांडं परत करत नाहीत म्हणे. ती बापाच्या मागे तीन पावलं. टब टेबलावर ठेवला, बाटल्या काढल्या.

धुतलेला! ब्लीच, तारेचा घासणा, पुन्हा ब्लीच! काठावरचं पिठूळ खरवडून टाकलेलं. पोट चकचकीत. तळाला डाग नाही. कणभर नाही. खाली नवाकोरा, मिठाईच्या दुकानातला, निर्लज्ज गुलाबी! ताडपत्री त्याच्याशेजारी प्लास्टिक दिसते – ती प्लास्टिकच आहे, पण इतके दिवस नव्हती.

मी किंचाळले. जसा आहे तसा म्हणाले होते! तुम्ही छातीवर हात ठेवला होता!

त्याने टोपी काढली. ‘‘माझी कॉन्चेत्ता घाणेरडी नव्हती,’’ म्हणाला.

मी म्हटलं, कोण म्हणतंय घाणेरडी?

‘‘तुझं चित्र म्हणतंय.’’ आणि मग तो बोलला. माझ्यासारखा नाही, आवाज न चढवता. इथे आले तेव्हा शेजारच्या बायका कुंपणावरून त्यांच्या स्वयंपाकाचा वास घेऊन नाक मुरडायच्या. शाळेत लोरेदानाच्या डब्याला पोरं हसायची. म्हणून कॉन्चेत्ता रोज पायऱ्या घासायची, कचऱ्याचा डबासुद्धा घासायची, कोणाला बोलायला जागा नको. आणि आता ती गेल्यावर तिचा टब मी भिंतीवर लावणार, डागासकट, आणि चांगल्या कपड्यातली माणसं वाईन पीत म्हणणार – बघा, ही माणसं अशी राहतात.

‘‘आता स्वच्छ आहे. आता काढ.’’

मी त्याला सांगितलं की तुम्ही धुतलात तो मळ नव्हता. ती तिची चाळीस वर्षं होती. तिचे हात होते. तुम्ही बायकोला ब्लीच लावून पुसून टाकलंत.

लोरेदाना म्हणाली, ‘‘पुरे.’’ मला की त्याला, कळलं नाही.

म्हातारा खुर्ची न घेता गेला. ती अजून बाहेर आहे.

बोलायला नको होतं. नाही – बोलायलाच हवं होतं. खरं होतं ते. खरं होतं.

२४ फेब्रुवारी

डाग राहणार. चित्र लागणार, डागासकट. त्याच्या अब्रूची चाड मला आहे, पण धुतलेली गरिबी मी रंगवणार नाही. लाज वाटायची ती नाक मुरडणाऱ्यांना वाटू दे! पायऱ्या घासून घासून त्या बाईचे गुडघे गेले असतील, आणि हे अजून त्या कुंपणापलीकडच्यांसाठीच घासतायत!

हेच भाषण उद्घाटनाला करीन.

२६ फेब्रुवारी

लोरेदानाचा फोन. भांडायला तयार होऊन उचलला. ती भांडली नाही. म्हणाली, शनिवारी सगळे गेल्यावर बाबा टब घेऊन अंगणात बसले. ती अडवायला गेली तर इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तिच्याशी बोलले. म्हणाले, ‘‘तू फेकलास. मी निदान धुतोय.’’

मग तिने विचारलं, चित्रात डाग कितपत झालाय?

झालाच नाही. एक फराटा.

अच्छा, म्हणाली. फोन ठेवला.

१ मार्च

पिअर्स येऊन गेला. धुतलेला टब बघून खूश. ‘‘अरे वा, हा गुलाबी तर लगेच उचलतील!’’ असाच काढ म्हणाला. झटपट होईल, रविवारपर्यंतसुद्धा होईल. उचलतील म्हणे! पडद्याच्या कापडासारखं!

म्हणजे म्हातारा आणि पिअर्स एका बाजूला. एकमेकांना ओळखतही नाहीत.

५ मार्च

समोर नाही ते रंगवणं म्हणजे खोटी साक्ष. कोणी म्हटलं होतं?

डाग कुठे सुरू व्हायचा? डावीकडे, साच्याच्या शिवणीजवळ. की उजवीकडे? कडेचं नारिंगी किती रुंद? पाच आठवडे रोज बघितला, आणि डोळे मिटले की नुसता एक लालसर ढग. खरवडलं. पुन्हा लावलं. खरवडलं. सुरीने कॅनव्हासचं सूत निघायला आलंय.

लिंबंवाल्या पोराला अर्धा तास झापलं होतं मी.

९ मार्च, रविवार

तळ झाला. आठवणीतून. चाळीस चित्रांत पहिल्यांदा.

चित्र उभं राहिलंय. ताडपत्री निळी झाली, बाटली जागी झाली, सगळे आपापली भांडणं करतायत. कोणीही बघून म्हणेल, अस्सल. आणि मला ठाऊक नाही ते अस्सल आहे का! रंग जमला म्हणजे खरा झाला असं नाही, हे मीच लोकांना ओरडून सांगत आले. डाग असा होता का? सांगू शकेल असा जगात एकच माणूस, आणि त्याला मी म्हटलंय की तू बायकोला पुसलंस.

जाऊ दे. लागेल तसं लागेल. बुधवारी गाडी येणार.

१० मार्च

कामगार दिन – इथे तो मार्चात. सभेत बोलले. टाळ्या पडल्या. काय बोलले ते घरी येईपर्यंत विसरले.

१२ मार्च, बुधवार

गाडी दारात, दोघे हमाल ब्लँकेटं घेऊन उभे. तेवढ्यात साव्हेरियो. काठी, टोपी, लोरेदानाचा हात धरलेला. मी चित्राच्या आड उभी राहिले, दोन्ही हात पसरून. तयार होते. सगळं भाषण जिभेवर.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मला बाजूला हो अशी खूण केली, चष्मा घातला आणि चित्रातल्या टबाच्या तळाशी इतका वाकला की नाक रंगाला लागेल.

‘‘नाही,’’ म्हणाला. ‘‘इकडे जास्त गडद होता. ती डावरी होती.’’

हमालांना थांबायला सांगितलं. त्याची खुर्ची आत घेतली.